अपस्मार आणि उपेक्षित पेशींची कैफियत

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर ‘निम्हान्स’ या संक्षिप्त नावाने सर्व दक्षिण हिंदुस्थानास परिचित असलेली जी संस्था उभी आहे, आणि जिच्यात म्हैसूर संस्थानच्या आमदानीतील मनोरुग्णालय व १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था ही दोन घराणी १९७४ च्या डिसेंबरात एकत्र नांदू लागली, तिच्या चेताविकृतिविज्ञान विभागात शस्त्रक्रियागृहातून अधूनमधून मेंदूचा एक लहानसा तुकडा येतो. तो असतो अशा रुग्णाचा, ज्याची आकडी एकामागून एक दिलेल्या औषधांना दाद देत नाही, आणि जिचा उगम कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या टेम्पोरल खंडात, त्यातही हिप्पोकॅम्पस नावाच्या, स्मृतीच्या व्यवहाराशी निगडित असलेल्या वक्र भागात आहे, असे दीर्घ तपासाअंती निश्चित झालेले असते. तो तुकडा मेणात बसवून, त्याचे अतिशय पातळ काप काढून व ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले म्हणजे जे दृश्य दिसते ते प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकणारे आहे. ज्यांच्या अनावर विद्युत्-स्फोटाला आपण आकडी म्हणतो त्या चेतापेशी तेथे विरळ झालेल्या, काही पट्ट्यांत तर जवळजवळ नामशेष झालेल्या असतात. आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेवर जाड फांद्यांच्या, एकमेकींत गुंतलेल्या ताराकार पेशींनी कबजा केलेला असतो. काही नमुन्यांत तर चेतापेशींची संख्या शाबूत असते आणि विकृती म्हणून बोट ठेवता येते ते केवळ या ताराकार पेशींच्या दाटीवर. अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली हिप्पोकॅम्पसच्या काठिण्याचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात अशा नमुन्यांसाठी एक वेगळा वर्गच ठेवावा लागला. फिर्याद चेतापेशींविरुद्ध आणि पंचनाम्यात नावे दुसऱ्यांचीच, असा हा मामला आहे.

अपस्मार म्हणा, फेफरे म्हणा, मिरगी म्हणा वा घरगुती बोलीत नुसती आकडी म्हणा, या रोगाची कल्पना सामान्य वाचकास असते. चेतापेशी एरवी आपापल्या वेळी, आपापल्या कामापुरते विद्युत्-संदेश पाठवितात. काही कारणाने त्यांतील हजारो-लाखो पेशी एकदम, एकाच लयीत संदेश सोडू लागल्या म्हणजे अंग ताठते, हातपाय झटके देतात, किंवा माणूस क्षणभर शून्यात पाहत राहतो. बंगळूर शहरात व भोवतालच्या खेड्यांत निम्हान्सच्या वैद्यांनी घरोघर फिरून १,०२,५५७ लोकांची जी पाहणी केली, आणि जिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, तीत दर हजारी ८.८ माणसांना हा विकार आढळला. शहरात हे प्रमाण ५.७ आणि खेड्यांत ११.९, म्हणजे दुपटीहून अधिक. इतक्या सर्वसाधारण रोगाबद्दल आपल्या कायद्याची बुद्धी किती मागे रेंगाळत होती याचा दाखला हवा असेल तर हिंदू विवाह कायद्याचा पाहावा: विवाहाच्या शर्तींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या शेजारी बसविलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ साली कुठे काढून टाकण्यात आला. वैद्यकाचीही दृष्टी या बाबतीत फार व्यापक होती असे नाही. आकडी चेतापेशींची, सबब दोष चेतापेशींचा, आणि औषधही त्यांच्यावरच, हे समीकरण जवळजवळ शतकभर फार थोड्यांनी तपासून पाहिले.

ज्यांना पंचनाम्यात आता स्थान मिळू लागले आहे त्या पेशींना शास्त्रात ग्लिया म्हणतात. आपण त्यांना आधारपेशी म्हणू. १८५६ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो याने त्यांचे नामकरण केले तेव्हा चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारे एक लुकण, यापलीकडे त्यांची योग्यता त्याला वाटली नव्हती. तरीही अपस्मारी मेंदूत या लुकणाचे काही तरी बिघडलेले असते ही शंका जुनी आहे. १८८० साली झोमर याने अपस्माराने दगावलेल्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमधील कोणत्या पट्ट्यातील पेशी नष्ट होतात हे दाखविले, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आतच पॅरिसमध्ये फिलिप शास्लँ याने असे प्रतिपादन केले की, आधारपेशींच्या तंतूंची वाढ हीच मूळ विकृती असावी. त्याचे ऐकले फार थोड्यांनी. पुढे माद्रिदमध्ये पीओ देल रिओ होर्तेगा याने चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगविण्याची नवी रीत काढून १९१९ च्या सुमारास आधारपेशींतील सूक्ष्म पेशींची, म्हणजे मायक्रोग्लियाची, स्वतंत्र जात ओळखली. आणि ती रीत शिकण्यासाठी १९२४ साली त्याच्या दारी एक तरुण शस्त्रवैद्य येऊन राहिला, त्याचे नाव वाइल्डर पेनफिल्ड.

अपस्मारावरील शस्त्रक्रियेचा प्रवर्तक म्हणून पेनफिल्डचे नाव सर्वतोमुखी झाले, पण त्याच्या विद्येचा पाया आधारपेशींच्या अभ्यासाने घातला गेला होता ही गोष्ट त्याच्या कीर्तीच्या झगमगाटात विस्मरणात गेली. डोक्याला इजा होऊन वर्षानुवर्षांनी आकड्या येऊ लागलेल्या रुग्णांच्या मेंदूतील व्रण त्याने फर्स्टर या जर्मन वैद्याच्या सहवासात तपासले, आणि आधारपेशी व रक्तवाहिन्या यांच्या तंतूंनी बनलेला हा व्रण हळूहळू आकसत जाऊन भोवतालच्या मेंदूला ओढतो व त्यामुळे आकडी येते, असे अनुमान १९३० साली मांडले. ओढण्याची ही कल्पना टिकली नाही. व्रण निष्क्रिय नसतो, त्याचा आकडीशी कार्यकारणसंबंध असतो, हा तिच्या गाभ्यातील विचार मात्र आज पुन्हा प्रतिष्ठा पावला आहे. आपल्या देशाशी या परंपरेचे नाते असे की, १९४९ साली वेल्लोरला ज्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उघडला ते डॉ. जेकब चंडी माँट्रियलला याच पेनफिल्डच्या हाताखाली तयार झाले होते.

आधारपेशी करतात तरी काय? त्यांची संख्या चेतापेशींच्या दसपट असते असे विधान पाठ्यपुस्तकांतून बिनदिक्कत वावरत होते. २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी प्रत्यक्ष गणती केली तेव्हा मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी भरल्या. दसपटीचा डौल गेला, पण कामाचा व्याप कमी झाला नाही. लग्नघरी पंगतीला बसलेले पाहुणे सर्वांना दिसतात आणि उष्टी काढणाऱ्यांकडे कोणी पाहत नाही. पण ती माणसे घटकाभर हात आखडून बसली तर दुसरी पंगत मांडता येत नाही, आणि तरीही मांडलीच तर जो गोंधळ उडतो त्याचा बोल पाहुण्यांना लावणे न्यायाचे होत नाही. आधारपेशींपैकी ताराकार पेशींचा मेंदूतील अधिकार साधारण याच स्वरूपाचा आहे. चेतापेशींच्या संधिस्थानांभोवती त्यांच्या बारीक फांद्या पसरलेल्या असतात, आणि मानवी मेंदूतील एका ताराकार पेशीच्या हद्दीत अशी काही लक्ष संधिस्थाने, क्वचित वीस लक्षांपर्यंत, येतात.

या कारभारातील पहिले खाते पोटॅशियमचे. चेतापेशीने एक संदेश सोडला की पोटॅशियमचे विद्युत्-भारित कण तिच्यातून बाहेर पडतात. पेशींबाहेरील द्रवात त्यांचे प्रमाण एरवी लिटरमागे ३ मिलिमोलच्या आसपास राखलेले असते. आकडीच्या भरात ते १० ते १२ पर्यंत चढते. हे प्रमाण जो जो वाढते तो तो शेजारच्या चेतापेशी अधिक उतावीळ होतात, त्या आणखी संदेश सोडतात, आणखी पोटॅशियम साचते, आणि या चक्राला आवर राहत नाही. स्टीफन कुफलर व त्यांचे सहकारी निकल्स आणि ऑर्कंड यांनी १९६६ साली बेडकाच्या व एका पाणसरड्याच्या दृष्टिचेतेवर प्रयोग करून असे दाखविले की, चेतांच्या व्यवहाराने साचणाऱ्या पोटॅशियमची नोंद आधारपेशी तत्काळ घेतात. आणि साठलेला भार दाटीच्या जागेवरून विरळ जागेकडे वाहून नेणे हे त्यांचे काम असावे, असा तर्क केला. पुढे या कामासाठी ताराकार पेशींच्या पटलावर असलेला खास मार्गही ओळखला गेला. शास्त्रज्ञ त्याला केआयआर ४.१ म्हणतात. काठिण्य आलेल्या मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये हा मार्ग क्षीण झालेला आढळतो. आणि ज्या कुटुंबांत या मार्गाचे जनुकच जन्मतः सदोष असते त्यांच्यातील मुलांना आकड्या, चालण्यातील डळमळ, बहिरेपणा आणि मूत्रपिंडाचा क्षारविषयक दोष अशी चौकडी घेरते, हे २००९ साली उजेडात आले. माझ्या मते या सबंध प्रकरणातील हा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण येथे मेंदूला मार लागलेला नाही, व्रण पडलेला नाही. मूळ बिघाड आहे तो पोटॅशियमच्या वाटेतला, आणि मेंदूत ती वाट मुख्यतः आधारपेशींच्या ताब्यात असते.

दुसरे खाते ग्लुटामेटचे. चेतापेशी एकमेकींना चेतविण्यासाठी हे द्रव्य संधिस्थानात सोडतात आणि काम होताच ते तेथून उचलले जाणे अवश्य असते. उरले तर चेतविणे थांबत नाही आणि अतिरेक झाला तर चेतापेशी मरतात. उचलण्याचा बहुतांश भार ताराकार पेशींवर असतो. उचललेल्या ग्लुटामेटचे त्या निरुपद्रवी ग्लुटामीनमध्ये रूपांतर करतात व ते चेतापेशींना परत देतात. १९९७ साली जपानी संशोधकांनी हे उचलणारे मुख्य प्रथिन ज्यांच्यात मुळीच नाही असे उंदीर निपजविले. ते आपोआप येणाऱ्या आकड्यांनी मेले. २००४ साली असे प्रसिद्ध झाले की, टेम्पोरल अपस्माराच्या रुग्णांच्या काठिण्य आलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये, ताराकार पेशी संख्येने भरपूर असूनही, ग्लुटामेटचे ग्लुटामीन करणारे विकर घटलेले असते. माणसे हजर आणि काम बंद, हा अनुभव आपल्याकडील कचेऱ्यांत नवा नाही.

तिसऱ्या खात्याचा, म्हणजे ॲडेनोसिनचा, उल्लेख धावताच करतो. हे द्रव्य मेंदूचा स्वाभाविक आकडीरोधक आहे आणि त्याचा नायनाट करणारे विकर प्रौढ मेंदूत मुख्यतः ताराकार पेशींत असते. दाटलेल्या ताराकार पेशींत ते विकर वाढते, म्हणजे रोधकाची शिल्लक घटते.

येथवर वाचून चाणाक्ष वाचक हरकत घेईल, आणि ती हरकत रास्त आहे, की शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा हा वीस-वीस वर्षे आकड्या सोसलेल्या मेंदूचा असतो. त्यात दिसणारा बिघाड आकडीचे कारण की आकडीचे फळ, हे त्या तुकड्यावरून कोण सांगणार? मृताच्या दप्तरावरून भांडणाची सुरुवात कोणी केली हे ठरविण्यासारखाच हा खटाटोप. म्हणून कालक्रम पाहण्याजोगे प्रयोग प्राण्यांवरच करावे लागतात. ताराकार पेशी परस्परांशी सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात व साचलेला भार त्या नळ्यांतून आपसांत वाटून घेतात. बॉन येथील संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले की, उंदराच्या मेंदूत अपस्मार उत्पन्न करणारे द्रव्य टोचल्यावर अवघ्या चार तासांत ही जोडणी ढिली पडू लागते, आणि त्या वेळी चेतापेशी अद्याप मेलेल्या नसतात, आपोआप येणाऱ्या आकड्याही सुरू झालेल्या नसतात. त्याच वर्षी अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात केवळ ताराकार पेशींतील एक प्रथिन काढून टाकून त्यांना व्रणावस्थेत ढकलण्यात आले, आणि कोणतीही इजा न करता त्या उंदरांना आकड्या येऊ लागल्या. शास्लँ याची शंका अगदीच निराधार नव्हती, एवढे यावरून म्हणता येते.

पण उंदराचे माणसाला लावून चालत नाही. मानवी ऊतींत हाच बिघाड पाहायचा तर तुलनेसाठी निरोगी मानवी मेंदू हवा, आणि तो कोठून आणायचा? जिवंत निरोगी माणसाच्या मेंदूचा तुकडा कोणी काढत नाही. ही अडचण किती मूलभूत आहे हे प्रयोगशाळेबाहेर सहसा लक्षात येत नाही. निम्हान्सचे चेताविकृतिविज्ञानवेत्ते डॉ. एस. के. शंकर यांनी १९९५ साली तेथे मानवी मेंदूंची पेढी सुरू केली ती अशाच गरजांपोटी. अपघातात वा अन्य कारणाने मरण पावलेल्या माणसाच्या आप्तांनी, शोकाच्या त्या प्रसंगी, लेखी संमती दिली तर मेंदू जतन केला जातो. त्याचा काही भाग अतिशीत तापमानात आणि काही रसायनात ठेवून संशोधकांना पुरविला जातो. आपल्या देशात मरणोत्तर नेत्रदानाची गोष्ट लोकांना पटू लागली आहे, पण मेंदू म्हणजे जणू माणूसच, या भावनेमुळे हे दान मागणे अधिक जड जाते. अशा पेढीशिवाय, वर ज्या घटलेल्या विकरांचा व क्षीण झालेल्या मार्गांचा हवाला दिला, त्यांबद्दल ‘घटलेले’ हा शब्दच उच्चारता येत नाही, कारण कशाच्या मानाने घटले हे सांगायला दुसरी बाजू रुजूच नसते.

गणिताच्या अंगानेही या प्रश्नाची तहकीकात झालेली आहे, आणि तीत एक नाव मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. सध्या पुण्याच्या ‘आयसर’मध्ये संशोधन करणाऱ्या सुहिता नाडकर्णी यांनी २००३ साली अमेरिकेत पीटर युंग यांच्यासमवेत एक चेतापेशी व तिला लगटून असलेली एक ताराकार पेशी यांचे गणिती प्रतिरूप मांडले. अपस्मारी मेंदूतील ताराकार पेशींवर ग्लुटामेटचे ग्राहक वाढलेले असतात ही नोंद घेऊन त्यांनी प्रतिरूपात ते वाढविले, तेव्हा बाहेरून चेतना नसतानाही चेतापेशी आपण होऊन संदेश सोडू लागली. ताराकार पेशी केवळ उचलत नाहीत, त्या स्वतःही चेतक द्रव्ये सोडतात, हे त्यात गृहीत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुफयान अश्हाद व ऋषिकेश नारायणन् यांनी २०१६ साली याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली: ताराकार पेशींनी सोडलेल्या द्रव्याचा परिणाम चेतापेशीच्या शाखांच्या स्वतःच्या विद्युत्-गुणांवर कसा अवलंबून राहतो, हे त्यांनी हिप्पोकॅम्पसच्या पेशींत दाखविले. म्हणजे दोष एका पक्षाकडून काढून दुसऱ्या पक्षाच्या माथी मारणे, हा या नव्या विद्येचा आशय नाही. कारभार सामाईक आहे आणि जबाबदारीही.

मायक्रोग्लिया या सूक्ष्म पेशींचे प्रकरण याहूनही अडचणीचे. गर्भावस्थेतच मेंदूत येऊन स्थायिक झालेल्या या पेशी बंदोबस्ताच्या असतात. डोक्याला मार बसला, ताप मेंदूपर्यंत गेला, किंवा आपल्या देशात अपस्माराचे एक प्रमुख कारण असलेल्या फीतकृमीच्या अळीने मेंदूत ठाणे दिले, की त्या जाग्या होऊन दाहकारक द्रव्ये सोडतात. मिलान येथील ॲनामारिया वेझ्झानी यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने दाखविले की ही द्रव्ये चेतापेशींना अधिक उतावीळ करतात. त्यातच मेंदूतील रक्तवाहिन्यांची तटबंदी फुटली, तर रक्तातील अल्ब्युमिन आत झिरपते, ताराकार पेशी ते शोषून घेतात आणि परिणामी त्यांची पोटॅशियम व ग्लुटामेट आवरण्याची शक्ती उणावते. इतके असूनही बंदोबस्तच उठवावा काय? उंदरांतील मायक्रोग्लिया काढून टाकल्या तर कित्येक प्रयोगांत आकड्या कमी न होता वाढल्या, आणि २०२० साली असे निष्पन्न झाले की अतिचेतित चेतापेशींना शांत करण्याचे कामही याच पेशी करतात.

मेंदूला इजा होणे आणि पहिली आकडी येणे यांमध्ये काही महिन्यांचा, कधी कित्येक वर्षांचा काळ जातो. बाहेरून पाहता त्या काळात काहीच घडत नाही. आतल्या घडामोडींत आधारपेशींचा मोठा वाटा असतो असे आता दिसत असल्याने, रोग बसण्यापूर्वीच त्याला अडविण्याची आशा जी काही आहे ती या मुदतीतच आहे. आजची औषधे येथे उपयोगी पडत नाहीत. १९१२ चे फेनोबार्बिटोन, १९३८ चे फेनिटॉइन आणि त्यानंतरची बहुतेक औषधे चेतापेशींचा उतावीळपणा दाबून आकडी आवरतात, आणि जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांत तेवढेही साधत नाही. इजेनंतर अपस्मार जडूच नये म्हणून खात्रीने देता येईल असे औषध आजमितीस वैद्याच्या हाती नाही.

शेवटी एका खास कानडी मुलखातल्या विकाराची गोष्ट सांगितली पाहिजे. बंगळूर, म्हैसूर, मंड्या या भागांत डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे भराभर ओतून न्हाण्याची चाल आहे, आणि काही मुलांना व तरुणांना, त्यांतही मुलींपेक्षा मुलग्यांना अधिक, त्या न्हाणीतच आकडी येते. डॉ. के. एस. मणी यांनी १९६८ साली बंगळूरहून या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, डॉ. पी. सतीशचंद्र व सहकारी यांनी १९८८ साली २७९ रुग्णांचा तपशील दिला. काही रुग्णांना त्या ऊष्म धारेत असे सुख वाटते की आकडी येईल हे ठाऊक असूनही ते पाणी ओतीतच राहतात. पुष्कळांच्या घराण्यात हा विकार असल्याने जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रातील अनुरंजन आनंद यांनी निम्हान्सच्या सहकार्याने त्याचा जनुकीय माग काढला, आणि २०१७ साली काही रुग्णांत एसएलसी१ए१ या जनुकात विरळ फेरफार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हे जनुक ग्लुटामेट उचलणाऱ्या प्रथिनाचे आहे. मात्र हे प्रथिन ताराकार पेशींतले नव्हे, त्याचे ते भावंड आहे आणि मुख्यतः चेतापेशींवर वसते. म्हणून या शोधाला आधारपेशींच्या पक्षाचा साक्षीदार म्हणून उभे करण्याची घाई कोणी करू नये. ग्लुटामेट वेळीच न उचलले जाणे हा प्रश्न दोन्ही दारी सारखाच आहे, एवढाच त्याचा अर्थ. सध्या अशा रुग्णाला पाणी कोमट घ्यायला सांगतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर डोक्यावरून न्हाण्याच्या तास-दीड तास आधी क्लोबाझॅमची एक गोळी देतात. बहुतेकांना ती पुरते, आणि तीही काम करते ती चेतापेशींवरच.